ठेवलेलं टोक

भिंगसाहेबांनी बुटात हात घातला, आतल्या शिवणीवरून टाचेपर्यंत बोटं फिरवली, भिंग डोळ्याशी नेलं आणि बूट मांडणीवर परत ठेवला. हा अकरावा जोड. यातही काही सापडलं नाही.

खरं तर माणसाला आनंद व्हायला हवा. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे पंधरा दिवस घरी बसावं लागलं, तेव्हा त्यांचा जीव टांगणीला लागला होता. कारखाना लहान, आठ माणसांचा. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची बोटं वाकडी, अशा लोकांसाठी इथे मापाचे बूट बनत. इथली चूक म्हणजे कुणाच्या तरी पायाला जखम. म्हणून गेली नऊ वर्षं साहेबांच्या भिंगाखालून गेल्याशिवाय एकही जोड दाराबाहेर पडला नव्हता, आणि पहिलं वर्ष सोडलं तर रोज काही ना काही सापडलं होतं. बहुतेकदा टाचेच्या अस्तरात राहिलेलं धाग्याचं टोक. मग लाल खडूची फुली, पाच मिनिटांचं व्याख्यान, टोक कापलं की जोड पास. ‘मी नसतो तर तुमचं काय झालं असतं’ हे त्यांचं वाक्य तळ बसवणारा लंबू हुबेहूब म्हणून दाखवायचा, अर्थात साहेब आत गेल्यावर.

ते नसताना बनलेले अकराच्या अकरा जोड मात्र चोख निघाले. मग त्यांनी आज सकाळी शिवलेला जोड उचलला. डाव्या बुटात, टाचेच्या अस्तरात, धाग्याचं टोक. करंगळीच्या नखाएवढं.

त्यांनी खडू उचलला आणि फुली न मारताच खाली ठेवला. ऑपरेशननंतर डोळ्याला सगळं लख्ख दिसत होतं, आपण नव्हतो तेव्हा एकही टोक नव्हतं, हेही दिसलं.

जेवणाच्या सुट्टीत बाकीचे बाहेर गेल्यावर ते शिवणयंत्रापाशी आले. तिथे शिवणकाम करणाऱ्या मावशी बसल्या होत्या. कारखान्यातल्या सगळ्यात जुन्या, साहेबांच्याही आधीच्या.

“मावशी, हे टोक राहिलं कसं?”

मावशींनी चष्म्यावरून आधी बुटाकडे, मग त्यांच्याकडे पाहिलं.

“राहिलं नाही साहेब. ठेवलंय.”

मग त्यांनी काही हातचं न राखता सांगून टाकलं. पहिल्या वर्षी साहेबांना ज्या दिवशी काही सापडायचं नाही, त्या दिवशी ते चांगल्या शिवणी उसवून बघायचे, बसवलेले तळ उचकटायचे. अर्धा दिवस त्यातच जायचा. शेवटी सगळ्यांनी मिळून तोडगा काढला. रोज एक टोक ठेवायचं, पायाला लागणार नाही अशा जागी, चटकन सापडेल असं. पाळ्यासुद्धा ठरल्या होत्या. सोमवारी मावशी, मंगळवारी लंबू, असं. टोक सापडलं की साहेब खूश, आणि बाकीचं काम नीट करायला सगळे मोकळे.

“राग मानू नका,” मावशी म्हणाल्या. “तुम्हाला काहीतरी सापडायला लागतं. नाही सापडलं की तुमचा चेहरा उतरतो, आम्हालाच बघवत नाही.”

साहेब आपल्या खोलीत जाऊन बसले. डोकं फिरायला हवं होतं, पण फिरलं नाही. त्यांना आठवत होता तो भलताच एक नळ.

त्यांची एकुलती एक लेक चार वर्षं दुसऱ्या शहरात एकटी राहत होती. दर रविवारी दहाच्या ठोक्याला ते फोन करायचे, आणि ती म्हणायची, “सगळं ठीक आहे बाबा. फक्त तो नळ परत गळायला लागलाय.” मग पुढची पंधरा मिनिटं यांचीच. वायसर कुठला घ्यायचा, पाना कसा धरायचा, आधी मुख्य चावी बंद केलीस का. समाधानाने फोन ठेवायचे आणि मग दिवसभर घर खायला उठायचं. पोर बोलली, पण काहीच बोलली नाही, असं वाटत राहायचं. शाळेत असताना ती सगळं सांगायची. तिची आई गेल्यावर यांनी तिच्या प्रत्येक वहीत लाल शाई ओतायला सुरुवात केली, आणि केव्हातरी ते सांगणं आटलं. ऑपरेशनला येऊ का, असं तिने विचारलं होतं. तर हे म्हणाले, कशाला उगाच, मी सगळी व्यवस्था केलीय.

चार वर्षं कुठला नळ गळतो?

शनिवारी त्यांनी भिंग मावशींच्या यंत्रावर ठेवलं. ज्याचा जोड त्याने तपासायचा आणि चिठ्ठीवर सही करायची, टोकं ठेवणं बंद, एवढंच सांगितलं. मावशींनी भिंग हातात फिरवून पाहिलं.

“मग तुम्ही दिवसभर काय करणार?”

“तेच बघायचंय,” साहेब म्हणाले.

रविवारी दहा वाजता त्यांनी फोन लावला. सगळं ठीक होतं. फक्त तो नळ परत गळायला लागला होता.

वायसर अगदी जिभेवर आला होता. तो त्यांनी गिळला आणि लेकीला धाग्याच्या टोकाची गोष्ट सांगितली, मावशींच्या पाळ्यांसकट, आपली अब्रू न झाकता. पलीकडून हसण्याचा आवाज येईल असं त्यांना वाटलं होतं. आला नाही.

“बाबा,” ती म्हणाली, “मग आता आपण बोलायचं काय?”

साहेब खुर्चीत पुढे सरकून बसले.

“तू बोल. मी ऐकतो.”

मग ती म्हणाली, “मी नोकरी सोडली. पाच महिने झाले.”

सतरा प्रश्न एकदम उभे राहिले. साहेबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला आणि ते म्हणाले, “हं.”

ती थांबली, व्याख्यानाची वाट बघत असावी. ते येईना, तेव्हा हळूहळू बोलू लागली. दोन मैत्रिणींबरोबर तिने लहान मुलांसाठी लाकडी खेळणी बनवायला घेतली होती. पहिला महिना फार वाईट गेला होता. साहेब ‘हं’ म्हणत राहिले. फोन कानाला गरम लागायला लागला.

“बाबा, तिकडे टप टप काय वाजतंय?”

“स्वयंपाकघरातला नळ. डॉक्टरांनी महिनाभर वाकू नका म्हटलंय, म्हणून राहिलाय.”

“खरंच गळतोय?”

“खरंच.”

ती आता हसली. मग म्हणाली, “पुढच्या महिन्यात दोन दिवस येते. मी बसवेन वायसर. तुम्ही हात लावायचा नाही.”

“नाही लावणार.”

महिना सरला, डॉक्टरांनी वाकायची परवानगी दिली. साहेबांच्या खणात सगळ्या मापांचे वायसर होते आणि काम पाच मिनिटांचं होतं. त्यांनी नळाखालची भरलेली बादली रिकामी केली, परत तिथेच ठेवली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले.