राजा घरी नाही

“तुझा राजा घरी नाही,” आत्या आतल्या खोलीतून म्हणाली.

मी तेव्हा आमच्या खेळातल्या भिंती किती वेगाने विरघळाव्यात याचे आकडे बदलत होते. दादा माझ्या शेजारी बसला होता. त्याचा गुडघा हलत होता, त्यामुळे टेबल हलत होतं, त्यामुळे माझ्या पडद्यावरची अक्षरंही हलत होती. टेबलाच्या पायाखाली मी पुठ्ठ्याची घडी सरकवली होती. दोष टेबलात नाही हे मला ठाऊक होतं, तरीही.

“घरी नाही म्हणजे?” दादाने विचारलं.

“म्हणजे सिंहासन आहे, राजा नाही. एवढ्या खाली उतरले, अर्धं रक्त सांडलं, आणि हा बाहेर गेलाय. निरोप ठेवायची तरी रीत आहे की नाही?”

आत्या दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. निवृत्त झाल्यापासून आमचा खेळ तपासून देते. खेळ रोगलाइक जातीचा: भुयारात उतरायचं, सगळं जग अक्षरांनी आणि ठिपक्यांनी काढलेलं, भुयार दर वेळी नवं, आणि मेलात की पहिल्यापासून सुरुवात. मूळ खेळ जुना आणि सगळ्यांना फुकट आहे. ज्याला हवं तो त्याचा गाभा घेऊन आपली वेगळी आवृत्ती करतो. आमची आवृत्ती मिठाच्या खाणीत घडते. मी रसायनशास्त्र शिकले, त्यामुळे भिंती मिठाच्या असणं मला फार आवडतं. खेळणाऱ्याकडे पाण्याची एकच पखाल असते. ते पाणी प्यायचं, की भिंतीवर ओतून वाट काढायची, हे त्याने ठरवायचं.

खलनायकही माझ्याकडे. ओल नावाची एक बाई आहे. ती कधीच हल्ला करत नाही, नुसती मागून चालत राहते आणि तलवार गंजत जाते. तोलार नावाचा एक आहे, तो पिशवीचं वजन करतो आणि जास्तीचं काढून घेतो. या दोघांवर आत्या मनापासून चिडते, म्हणजे ते जमलेत. सगळ्यात खाली खारा राजा. पडद्यावर तो ‘ख’ म्हणून दिसतो. तो काही केल्या जमत नव्हता. पहिला फार बोलायचा, दुसरा फार लवकर मरायचा, तिसरा दादाला आवडला म्हणून मीच खोडला. हा चौथा.

राजा जमण्यावर एक गोष्ट अडली होती. दादाला एका दूरच्या बेटावर, हवामान केंद्रात, दोन वर्षांची नोकरी मिळाली होती. हो की नाही ते आज त्यांचं ऑफिस बंद व्हायच्या आत कळवायचं होतं. “तुला अर्ध्यात टाकून जाणार नाही,” असं त्याने मला आधीच सांगितलं होतं. “राजा नीट मरायला लागला की हो म्हणतो.” त्याची बॅग सोफ्यावर उघडी होती. लोकरीचे मोजे भरलेले, बाकी रिकामी. येता-जाता आत्या तिच्यात काहीतरी टाकायची आणि पुढच्या फेरीत काढून घ्यायची.

आम्ही आत गेलो. दादाने आत्याच्या मागून हात घालून सगळं भुयार उघडं दाखवणारी कळ दाबली. खालच्या मजल्यावर ‘ख’ नव्हता. त्याच्या वरच्यावर नव्हता. आम्ही एकेक मजला वर चढत गेलो. तो अगदी वर, खाणीच्या तोंडाशी सापडला. उभा होता आणि दर खेळीला दाराकडे एक पाऊल टाकायचा प्रयत्न करत होता. दारापलीकडे आम्ही काही बनवलेलंच नव्हतं, म्हणून तो जागच्या जागी होता.

“हा काय करतोय इथे?” दादा म्हणाला. “काय लिहिलंस तू?”

“इच्छा लिहिल्या. खलनायकाला काहीतरी हवं असलं पाहिजे, नाहीतर तो नुसता दगड.”

आमच्या भुयारात इच्छा उतारासारख्या काम करतात. हवी ती जागा म्हणजे शून्य, तिच्या शेजारचे चौकोन एक, त्यापुढचे दोन. प्राणी नेहमी लहान आकड्याकडे पाऊल टाकतो, पाणी खाली वाहतं तसा. राजाला मी क्रमाने तीन इच्छा दिल्या होत्या. शत्रू दिसला तर लढ. नाहीतर सिंहासनावर बस. आणि शेवटी, केवळ त्याची गोष्ट भरीव वाटावी म्हणून, आभाळ बघ.

दादाने ओळी वर-खाली केल्या आणि हसायला लागला. “शास्त्रज्ञबाई, तू माझा उंदरांचा नियम उचललास.”

खरंच होतं. भुयारातल्या, पोट भरलेल्या उंदराने पुन्हा दाण्यांकडे धावू नये, म्हणून पुरी झालेली इच्छा पुसून टाकायची, असा तो नियम होता. मी तो जसाच्या तसा राजाला लावला. राजा सिंहासनावर एकदा बसला, ती इच्छा पुसली गेली, आणि मग त्याला फक्त आभाळ उरलं. तो उठला आणि चालू लागला.

“एका ओळीचं काम आहे,” दादा म्हणाला. “भूक परत लागते ना, तशी सिंहासनाची इच्छाही थोड्या वेळाने परत यायची.” त्याने ती ओळ तिथेच लिहिली.

नवा डाव सुरू केला, पण आत्याला खेळायला न लावता आम्ही राजाला वरून बघत राहिलो. ‘ख’ बसला. उठला. चार पावलं जिन्याकडे गेला, थांबला, वळला, परत येऊन बसला. लगेच पुन्हा उठला.

“झालं,” दादा म्हणाला. “आता घरी सापडेल.”

“हे काय झालं?” मी म्हणाले. “खुळ्यासारखा फेऱ्या मारतोय. याला कोण घाबरेल? मी नवा करते, पाचवा. याच्या इच्छा मुळातच चुकल्यात.”

“पाचवा?”

“दोन आठवडे दे.”

आत्याने चष्मा काढला आणि पदराने पुसला. “अगं, दुखत नसलेला दात आम्ही कधी पाचव्यांदा उघडला नाही,” ती म्हणाली. “तुला राजा बसवायचाय की भाऊ?”

“आत्या, तू खेळ ना.”

“कशी खेळू? घरात एकही जण धड बसत नाहीये, इथेही आणि त्या खाणीतही.”

दादा बाहेरच्या खोलीत गेला. मी मागोमाग गेले. तो टेबलाशी बसला, घड्याळाकडे बघितलं, आणि बॅगेतले मोजे काढून खुर्चीच्या पाठीवर टाकले. “राहू दे,” तो म्हणाला. “नाही म्हणून कळवतो. तसंही तिथे वारा फार आहे.”

मला हेच ऐकायचं होतं. गेले कित्येक दिवस, राजे खोडताना, मी याच वाक्याची वाट बघत होते, आणि ते आल्यावर मला अजिबात बरं वाटलं नाही. मोजे त्याने नीट घडी घालून टाकले होते. त्याचा गुडघा पुन्हा हलायला लागला. माझ्या पडद्यावर मी तोच डाव उघडला: ‘ख’ बसला, उठला, चार पावलं गेला, परत आला.

मी दादाची ओळ पुसली. मग खाणीच्या दारापलीकडे एक चौकोन बनवला. त्यात काही ठेवलं नाही, नुसतं आभाळ असं नाव दिलं. राजा तिथे पोचला तर एक वाक्य दिसेल असं केलं: राजा गेला, खाण आता तुमची.

“काय करतेयस?” दादाने विचारलं.

“संपवतेय. वाटेत गाठला तर लढायचं. नाही गाठला तर तो गेला.”

त्याने माझ्या खांद्यावरून वाचलं. बराच वेळ वाचत होता, खरं तर तिथे वाचायला फारसं काही नव्हतं. “दाराची चौकट एका चौकोनाने चुकलीय,” तो शेवटी म्हणाला, आणि स्वतःच ती दुरुस्त केली.

“आता हो म्हणून कळव,” मी म्हणाले. “ऑफिस बंद होईल.”

“नक्की?”

“मोजे भर आधी. खुर्ची अडवलीयस.”

तो फोन घेऊन गॅलरीत गेला. काचेतून त्याची पाठ दिसत होती. आतून आत्याने विचारलं, “म्हणजे तो निसटला तर मी हरले?”

“नाही. तेव्हाही तू जिंकलीस.”

“न लढता?”

“हो.”

“मला नाही चालणार. मी त्याला दारात गाठते.” तिच्या कीबोर्डच्या कळा जोरात वाजायला लागल्या.

पडद्यावरची अक्षरं अजून थरथरत होती. मी सवयीने दादाचा गुडघा दाबायला हात खाली नेला. खुर्ची रिकामी होती. हलत होता तो माझा गुडघा.