शेडमागची भरती

पाहणीच्या बाई गुरुवारी येणार असं कार्यालयातून कळलं आणि आईने घर डोक्यावर घेतलं. तिच्या मते सरकारी माणूस काय नि व्याही काय, दारात आलेल्याला पसारा दिसता कामा नये. मी बाजाराचं निमित्त काढून शहाण्यासारखी सटकले. संध्याकाळी परत आले तर आमचा खाडीकाठ मलाच ओळखू येईना. शेडपासून पार टोकापर्यंत कमरेएवढं खारं गवत उभं असायचं. धाकट्या भावाने यंत्र लावून त्याची साफ हजामत करून टाकली होती. कापलेलं गवत त्याने घरामागे नेऊन फेकलं होतं, कारण पाहुणे मागे थोडेच जाणार! मागचं उभं गवतही त्याच कारणाने वाचलं होतं.

"बघ, आता कसं माणसांचं घर वाटतंय," आई ओट्यावरून म्हणाली.

खोटं कशाला बोलू, मलाही ते छानच वाटलं.

आमची बोटदुरुस्तीची शेड आहे. बाबांनी बांधली, आता मी आणि भाऊ चालवतो. लाकूडकाम आणि रंग माझ्याकडे, इंजिनं त्याच्याकडे. त्यालाही सगळे 'इंजिन'च म्हणतात. एक तर कामामुळे, आणि दुसरं म्हणजे तो तापला की निवायला फार वेळ लागतो. शेडपुढची खाडी वर्षागणिक गाळाने भरत आली आहे. बाबांच्या वेळी मोठमोठ्या बोटी थेट दारात यायच्या. आता उधाणाची भरती असली तरच एखादी पोटावर सरपटत कशीबशी पोचते, बाकीच्या पलीकडच्या बंदरात जातात. त्याच बंदरात इंजिनला नोकरीला बोलावलं होतं. शेडपुढे सरळ चर खणून गाळ काढायला आणि काठाने दगडी भिंत बांधायला परवानगी मिळाली तर राहीन, नाहीतर चाललो, असं त्याने स्वच्छ सांगून टाकलं होतं. त्याच परवानगीच्या अर्जाची ही पाहणी होती. तो गेला की शेड बंद, कारण बोट नुसत्या रंगावर चालत नाही. शेड गेली असती तर मी एक वेळ सोसलं असतं. पण ज्याच्याशी भांडल्याशिवाय माझा दिवस उगवत नाही तो भाऊच जाणार, हे मला सोसवत नव्हतं.

गुरुवारी सकाळी आईने बादल्याच्या बादल्या ओतून अंगण धुतलं. पुढचं तर धुतलंच, मागचंही सोडलं नाही. पाहणीच्या बाई आल्या त्या गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून आणि खांद्यावर काठ्यांचा भारा घेऊन. काठ्यांच्या टोकांना लाल फडकी बांधलेली होती. बाई साधारण माझ्याच वयाच्या, उन्हाने नाक सोललेल्या.

"मदतनीस आजारी आहे, त्यामुळे आज मी एकटीच," असं म्हणून त्या तडक काठाकडे गेल्या आणि तिथे खिळून उभ्या राहिल्या. मग उकिडव्या बसल्या. कापलेल्या गवताच्या बुडख्यांवरून त्यांनी हात फिरवला.

"हे कधी कापलं?"

"कालच!" इंजिन छाती काढून म्हणाला. "खास तुमच्यासाठी, मॅडम."

बाईंनी डोळे मिटले. पोरांनी ओल्या रंगावर हात उमटवले की मी असे डोळे मिटते.

"मी काय बघायला आले होते, माहीत आहे का तुम्हाला?"

"काठ."

"गवत," बाई म्हणाल्या. "हे गवत भरतीचं पाणी पोचतं तिथपर्यंतच उगवतं. ते जिथे संपतं तिथे मी रेघ मारते. रेघेच्या आत खाडी, बाहेर तुमची जमीन. तुम्ही माझी रेघच कापून टाकलीत. नुसत्या बुडख्यांवरून खारं गवत कुठलं नि साधं कुठलं ते कळत नाही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी इंजिनकडे पाहिलं, इंजिनने आईकडे पाहिलं आणि आई एकदम वर आभाळाकडे बघायला लागली.

"मग आता?" मी विचारलं.

"आता एक तर अर्ज परत पाठवायचा. गवत पुन्हा वाढलं की नव्याने पाहणी, म्हणजे हे वर्ष गेलंच. नाहीतर आज उधाण आहे. दुपारी पाणी चढून जिथे थांबेल तिथेच आपण काठ्या रोवू. एरवी ओसरल्यावर काडीकचरा राहतो, त्यावरून कळतं. पण इथे तर कापलेलं गवत सगळीकडे लोळतंय. ओल बघावी तर अंगण धुतलेलं. तेव्हा पाणी थांबेल त्या क्षणी माणूस तिथे हजर पाहिजे."

"स्वच्छतासुद्धा गुन्हा झाली का आता?" आई म्हणाली.

"नाही हो, मावशी. फक्त आज नको होती."

मग बाईंनी आम्हाला सरळच सांगितलं. रेघ शेडच्या पुढे राहिली, तर भिंत आणि चर दोन्हीचा विचार होईल. पाणी शेडला वळसा घालून मागे गेलं, तर शेडच खाडीत उभी आहे असं धरावं लागेल. जुनी आहे म्हणून ती राहील, पण भिंत विसरायची आणि सरळ चरही विसरायचा.

"मागे कुठलं पाणी?" इंजिन हसला. "मागे आमची मोरी आहे. गवतही तिच्याच सांडपाण्यावर वाढलंय."

"मग तुम्हीच उभे राहा मागे," बाई म्हणाल्या आणि त्याच्या हातात एक काठी दिली.

बाई पुढे, इंजिन घरामागे, आणि मी मधल्या कोपऱ्यावर. घर आणि शेड आड येत असल्यामुळे त्या दोघांना एकमेकं दिसत नव्हती. मला मात्र दोन्हीकडचं दिसत होतं.

आधी नुसताच चिखल होता. जन्म गेला माझा या चिखलाला शिव्या देण्यात. हा गाळ बोटी अडवतो, चपला खातो, वास मारतो. त्याच्याकडे असं रिकाम्या हातांनी बघत मी कधी उभीच राहिले नव्हते. पहिल्यांदा आला तो आवाज. दूध तापायला लागलं की भांड्याच्या कडेला होतो तसा, बारीक, सगळीकडून. मग दिसलं की चिखलातल्या बिळाबिळातून बुडबुडे येताहेत. खेकडे आपापल्या दारात येऊन उभे होते, लांबच लांब, नजर जाईल तिथपर्यंत, एकेक नांगी वर करून. त्यांना कुणी काय सांगितलं कोण जाणे, सगळे एका दमात आत गेले आणि दारं बंद झाली.

पाणी लाटांनी येईल असं मला वाटलं होतं. तसं काही झालंच नाही. चिखल काळा पडला, मग चकाकला, आणि बघता बघता तिथे पाणी होतं. तेही सरळ आलं नाही. शेडपुढच्या गाळात त्याची स्वतःची वाट होती, डावीकडे वळून, परत उजवीकडे येऊन, आपल्याच तंद्रीत चालल्यासारखी. आधी ती वाट भरली, मग तिला बारीक फाटे फुटले, फाट्यांना आणखी फाटे फुटले आणि सगळा काठ जिवंत झाला. दूरवर पाखरं उठली. एवढी पाखरं तिथे बसली होती हे मला ठाऊकच नव्हतं. ती एकदम वळली तेव्हा आभाळ पांढरं झालं, पुन्हा वळली तेव्हा कुठेच नव्हती. 

आमच्या बोडक्या काठावर मात्र पाणी माती ओरबाडत होतं. काल गवत असताना जी कड शाबूत होती तिची ढेकळं गळून पाण्यात पडत होती. शेडच्या अंगाला एका कोपऱ्यात यंत्र पोचलं नव्हतं. तिथल्या उभ्या गवतात पाणी हळूच शिरत होतं, आणि शिरताना नितळ होत होतं. फरक सांगायला कुणा तज्ज्ञाची गरज नव्हती.

शेडच्या जोत्यापाशी येऊन पुढचं पाणी थबकू लागलं. बाईंनी जोत्याच्या अलीकडेच काठी रोवली. रेघ शेडच्या पुढे! माझ्या जिवात जीव आला. भिंत होणार, चर होणार, भाऊ राहणार. ही आनंदाची बातमी खुणेने कळवावी म्हणून मी मागे वळले.

इंजिन खाली वाकून आपल्या पायांकडे बघत होता. पाय पाण्यात होते.

काठाच्या दुसऱ्या टोकाला, जिथून आमची भिंत जायची होती, तिथल्या खळग्यातून पाणी गवतागवतात वळत घरामागे आलं होतं. आम्ही आजवर जिला मोरीची नाली म्हणत होतो, ती नाली नव्हतीच. ती खाडीची करंगळी होती. मागचं अंगण अधूनमधून ओलं का राहतं याचा ठपका आई कायम माझ्या धुण्यावर ठेवायची. धुणं बिचारं निर्दोष होतं.

इंजिनने मला हाताने खुणावलं. मी चार पावलं पुढे गेले. गवताच्या काड्यांमधून मासे चालले होते, नखाएवढे, आरपार दिसणारे. अंग दिसतच नव्हतं, नुसते डोळे पोहत असल्यासारखे वाटत होते. त्यांच्यात केसाएवढ्या मिशांची कोळंबी होती. मोजायची सोयच नव्हती. सगळी पिल्लं एकाच दिशेला तोंड करून आत, आणखी आत, गवताच्या बुडाशी चालली होती. इंजिन गुडघ्यांवर बसला. त्याने हात पाण्यात धरला तर ती त्याच्या बोटांमधून निघून गेली, जणू तो हातही तिथलीच एक काडी होता.

"ताई, ही दर उधाणाला येतात?"

"मला काय माहीत?"

"आपल्या घरामागे?" तो म्हणाला. "मोठी व्हायला?"

त्याचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. लहानपणी पहिलं इंजिन उघडून आत बघतानासुद्धा नाही.

मी कोपऱ्यावर परत आले. पाणी आईच्या धुण्याच्या दगडापर्यंत चढलं, दगड ओलांडून स्वयंपाकघराच्या पायरीकडे सरकलं आणि थांबलं. भरती थांबते ते कळतं. फेसाची कड पुढे जात नाही, मागेही येत नाही, जागच्या जागी थरथरते. सगळं एकदम शांत झालं.

"मागे काय?" पुढून बाई ओरडल्या. "आलं का काही?"

इंजिन काठी घेऊन उभा होता. त्याने नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी पुरे होतं. शेडच्या मागच्या भिंतीला पाणी चाटून गेलं हे नंतर कुणाला कळणार होतं? थोड्या वेळाने सगळं ओसरणार, राहणार ते त्याने फेकलेलं गवत आणि आईने धुतलेलं अंगण. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली. मी काही पाहिलं नाही असं म्हणायला मोकळी राहावी म्हणून फिरवली, आणि त्याने 'नाही' म्हणावं असंच मला मनापासून वाटत होतं.

कानावर काठी रुतल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं. धुण्याच्या दगडाच्याही मागे, पायरीपासून हातभर अंतरावर, फेस थरथरत होता अगदी तिथेच, लाल फडकं उभं होतं.

"इथे!" इंजिन ओरडला. "मॅडम, इथपर्यंत आलंय!"

मला त्याचा राग आला, आणि त्या रागासकट त्याच्या पाया पडावंसं वाटलं. तो माझ्याहून लहान आहे म्हणून पडले नाही.

बाई धावत येईपर्यंत पाणी काठीपासून मागे हटलं होतं. त्यांनी काठी पाहिली, मग शेड, मग त्याचं तोंड.

"इथपर्यंत?"

"इथपर्यंत. आणि मॅडम, आत पिल्लं गेलीत माशांची. आमची भिंत झाली असती तर ही वाट बंदच झाली असती ना?"

"झाली असती," बाई म्हणाल्या. मग त्याही बुटांसकट चिखलात बसल्या आणि गवतात डोकावून बघत राहिल्या. पाहणीला आलेल्या माणसाने इतका वेळ बघायची काही गरज नव्हती.

शेवटी मीच विचारलं, कारण कुणाला तरी विचारणं भागच होतं. "मग आमचं काय?"

"भिंत नाही. सरळ चर नाही," बाई म्हणाल्या. बोलताना त्यांनी नजर चुकवली नाही. "शेडपुढे पाण्याची स्वतःची वळणाची वाट आहे. तिच्यातला गाळ यंत्र न लावता हाताने काढायची परवानगी मागता येईल. लहान होड्या येतील, मोठ्या बोटी विसरा. आणि मिळेलच असं मी म्हणत नाही."

त्या गेल्यावर आई दारात आली. "दिली का परवानगी?"

"नाही, आई," इंजिन म्हणाला.

"एवढं अंगण धुतलं तरी?"

त्या दिवशी मी त्याला काहीच विचारलं नाही. विचारायची भीती वाटत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी शेडमध्ये गेले तर उघडलेल्या इंजिनाचे भाग तसेच पडलेले आणि हा गायब. बॅग भरतोय की काय म्हणून मी घरात धावले. तो स्वयंपाकघराच्या पायरीवर बसला होता, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. मी भांडायच्या तयारीनेच शेजारी बसले.

"बंदरवाल्यांना काय कळवलंस?"

"येत नाही म्हणून."

"आणि लहान होड्यांवर तिघांचं भागणार आहे?"

"नाही भागणार."

"मग रे?"

"गप्प बस ना, ताई," तो मागच्या गवताकडे बघत हळूच म्हणाला. "येतंय."