दोरीवरचा लाल रंग

लाखेच्या रंगीत कांडीला विस्तवाची गरज नसते. फिरत्या लाकडावर दाबून धरली की ती आपोआप मऊ होते आणि रंग सोडते.

कापसाचा भाव पडला त्या वर्षापासून पाळण्यांची मागणी कमी झाली. लाटणी खपत राहिली.

खरादी गफ्फारच्या बायकोच्या, रईसाच्या, खांद्याला कधीही काही झालेलं नव्हतं.

अकोल्यात त्या उन्हाळ्यात विजेची लाइन सकाळीच जाई. परत कधी येईल, कुणी सांगू शकत नसे.

अब्दुल गफ्फार खरादी लाकूड फिरवायच्या खरादाच्या बंद मोटरसमोर बसून होता. बापूसाहेब वकिलांच्या नातीचं उद्या बारसं. पाळण्याचे तीन खांब रंगून भिंतीला टेकले होते. चौथा खरादावर तसाच, कोरा.

"रईसा," त्याने आत बायकोला हाक मारली, "जुनी दोरी कुठी हाय?"

"माळ्यावर. कायले पायजे?"

"थोडी ओढतं का?"

ती दारात आली. हात पिठाचे.

"माहा खांदा दुखते ना! तुमीच त साऱ्या मोहल्ल्याले सांगत होते, बायकोचा खांदा दुखते म्हून मोटर आणली."

मोटर खरं तर लाटणी भराभर व्हावीत म्हणून आणली होती. खांद्याचं सांगायला बरं होतं, एवढंच.

"मंग वकिलसायबाची नात उद्या काय जमिनीवर टाकतीन?"

"मले काहून विचारता? मोटरले विचारा," असं म्हणत तिने हात धुतले आणि दोरी काढली.

लाकडाला दोरीचा वेढा. तिने उजवा हात ओढला की खांब इकडे फिरे, डावा ओढला की उलटा. उलटण्याआधी क्षणभर थांबे. त्या क्षणात कांडी उचलायची, नाहीतर रंगाला ओरखडा. तो क्षण कळायला तिच्या तोंडाकडे पाहावं लागे. सुरुवातीचे हिसके चुकले. मग जमलं.

"मिस्बाहले दिवस गेले हायेत," रईसा म्हणाली.

कांडी थबकली. "आपल्या मिस्बाहले? धामणगावहून खबर कधी आली?"

"ईदच्या आधी."

"अन् मले आज सांगतं?"

"दोनदा सांगलं. मोटर घर्र करून राहिली होती. तुमी म्हणे, हो हो, चहा आण." ती हसली. "म्या चहा आणला."

तोही हसला, पण जरा उशिरा. मग ती बोलतच राहिली. लेकीला आंबट चालत नाही. जावई चांगला आहे, पण सासूला ऐकू येत नाही. हात चालू, बोलणं चालू. लालावर लाल चढत गेला. चकाकीसाठी शिंदीचं पान दाबून फिरवलं तेव्हा खांबात समोरची खिडकी दिसू लागली.

खालची पिवळी वलयं तेवढी राहिली होती, तेव्हा बल्ब लागला.

रईसाने दोरी सोडली नाही. ती त्याच्याकडे पाहत राहिली.

वलयं हातानेही झाली असती. पण लाइन पुन्हा गेली तर, आणि लाटण्यांचा ढीगही पडलेला. गफ्फारने वेढा सोडवला, मोटरचा पट्टा चढवला, बटण दाबलं. ती काहीतरी म्हणाली. त्याने "अं?" केलं तोवर ती आत गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापूसाहेबांच्या सूनबाई, कुंदाताई, पाळणा न्यायला आल्या. त्यांनी चारही खांबांवरून हात फिरवला आणि एकावर थांबल्या.

"गफ्फारभाई, हा काय रंग आलाय हो! आरशासारखा. बाकीचे असे काहून नाही केले?"

आत भांड्यांचा आवाज थांबला.

"लाइन गेली होती, ताई," गफ्फार म्हणाला.

"मग रोजच जात जावो!" कुंदाताई हसत म्हणाल्या आणि त्यांनी रिक्षावाल्याला हाक मारली. गफ्फारने आणखी काही सांगायला तोंड उघडलं. रिक्षावाला पाळण्याचं एक टोक धरून उभा होता. गफ्फारने दुसरं उचललं.

आत भांडी पुन्हा वाजू लागली.

मोटर पहिल्यांदा बसवली त्या सकाळीही रईसा रोजच्यासारखी ओढणी कमरेला बांधून दोरी ओढायला खरादासमोर येऊन बसली होती.