पडीनं ऐकलेला आयकराचा वाद

मित्रांनो, आधी नीट जागा धरून बसा, कारण मी एकदा बोलायला लागले की मला आवरणं कठीण! मी पडी. तुमच्याकडे शेर म्हणतात, पायली म्हणतात, तसं तमिळ मुलखात धान्य मोजायचं माप. जुनी आहे, पितळेची आहे, आणि हो, अजून ठणठणीत आहे. विश्वास नसेल तर टिचकी मारून बघा.

कुंभकोणमच्या एका कासारानं मला घडवलं. तापवलं, ठोकलं, पुन्हा तापवलं. अय्यो, काय तो आवाज! माझ्याबरोबर माझ्या दोन बहिणीही जन्मल्या. मधली माझ्या पोटात बसते आणि सगळ्यात धाकटी, आळाक्कू, मधलीच्या पोटात. आळाक्कूत जेमतेम एका माणसाचा भात मावतो. मी थोरली, म्हणून सगळा रुबाब माझा!

आम्हाला विकत घेतलं तंजावरकडच्या मराठी मंडळींनी. ही घरं कितीतरी पिढ्यांपूर्वी दक्षिणेत गेली आणि तमिळ बोलता बोलता मराठीही बोलत राहिली. पुढे कुणी कारकून झालं, कुणी शिक्षक, कुणी बँकेत लागलं, आणि सगळे मद्रासला आले. मद्रासचं चेन्नई झालं आणि मी वेलचेरीच्या एका अपार्टमेंटमध्ये राहायला आले.

वर्षातून एकदा या सगळ्या घरांची समाराधना व्हायची. म्हणजे एकत्र पंगत. रीत अशी होती, की प्रत्येक घरानं एक पडी तांदूळ आणायचा आणि आपल्या हातानं पोत्यात घालायचा. दारात यांच्यातल्याच भवानीअक्का बसायच्या. त्या मला काठोकाठ भरायला लावायच्या आणि वरून तळहात फिरवून सपाट करायच्या. शीग नको, खळगा नको. बँकेचा साहेब असो की शाळेतला शिपाई, सगळ्यांना पडी एकच! मला त्याचा काय अभिमान वाटायचा म्हणून सांगू! लोक म्हणायचे, "न्याय बघायचा तर पडीचा बघा." मी चमकायचे. चिंचेनं घासून घासून चमकायचे.

मग दिवस बदलले. पंगतीसाठी भाड्याचा हॉल आला, आचारी आले, आइस्क्रीमचा स्टॉल आला. तांदळाऐवजी सगळ्या घरांना सारख्याच रकमेची वर्गणी आली, तीसुद्धा फोनवरून. या घरांच्या मंडळाचे सचिव गिरिधर. सिरुसेरीच्या आयटी पार्कात मोठ्या हुद्द्यावर, माणूस तसा लाख मोलाचा, पण नियम म्हणजे नियम. त्यांनी आम्हा तिघींना माळ्यावर टाकलं, कुकरच्या जुन्या रिंगा आणि फुटक्या इस्त्रीच्या शेजारी. मी काळवंडले. आळाक्कू रोज विचारायची, "अक्का, आपल्याला कुणी विसरलं का?" मी तिला दटावून गप्प करायचे. दुसरं काय करणार?

पण तो माळा गिरिधर यांच्या बैठकीच्या खोलीवरच होता, त्यामुळे घरातलं सगळं कानावर पडायचं. एका सकाळी त्यांची मुलगी जननी तणतणत आली. कॉलेजात शिकते, तमिळ फाडफाड बोलते, मराठी मात्र भवानीअक्कांकडून शिकलेली.

"अप्पा, भवानीअक्का यंदा समाराधनेला येत नाहीत. गुडघा दुखतो म्हणतात."

"अरेरे. डॉक्टरला दाखवलं का?"

"गुडघ्याला काही झालेलं नाही! काल माझ्याबरोबर बाजारात चालत आल्या. वर्गणी जड जाते त्यांना. शिकवण्यांवर घर चालतं, भाडं वाढलं, सांगणार कसं?"

गिरिधर यांनी हातातला फोन खाली ठेवला. मग म्हणाले, "कण्णा, अगं बाळा, नियम सगळ्यांना एक आहे. पडी होती तेव्हाही एकच होती ना? आज एकाला सूट दिली, तर उद्या दहा जण मागतील."

माझं नाव ऐकून मी माळ्यावर उडालेच! पण मित्रांनो, आनंद काही झाला नाही. भवानीअक्का नाहीत तर पंगत कसली? माझ्या काठावरून जो हात इतकी वर्षं मायेनं फिरला, तो हात घरात बसून राहणार?

आमच्या मंडळात समाराधनेआधी मराठीतून वादसभा भरते. यंदाचा विषय होता, आयकर सगळ्यांना एकाच दरानं असावा, की जास्त मिळकतीला जास्त दर असावा. एका दराच्या बाजूनं सुष्मिता. ती पुण्याहून पेरुंगुडीच्या एका ऑफिसात नोकरीला आलेली, तलवारीसारखी जीभ! दुसऱ्या बाजूनं आमची जननी. ती हट्टाला पेटली होती. वडिलांना म्हणाली, "वादात जी बाजू जिंकेल, तीच यंदाच्या वर्गणीची रीत. कबूल?" गिरिधर हसले. सुष्मिताच जिंकणार याची त्यांना खात्री होती. "सरि, कबूल!" म्हणाले.

आणि त्या रविवारी जननीनं शिडी लावली, आम्हा तिघींना खाली काढलं, घासलं आणि सभेच्या हॉलवर नेलं. आहा! उजेड! माणसं! कॉफीचा वास! बाहेर शेअर ऑटोंचे हॉर्न! टेबलाच्या मधोमध मी, आणि मागच्या खुर्चीत कोण? भवानीअक्का! आपली विद्यार्थिनी बोलणार म्हणून आल्या होत्या.

सुष्मिता उभी राहिली आणि सुरूच झाली. "दर एकच ठेवा. दहापट कमावणारा दहापट कर भरतोच, मग त्याचा दरही का वाढवायचा? ओव्हरटाइम करणाऱ्यानं काय गुन्हा केलाय? आणि नियम इतका साधा हवा की प्रत्येकाला आपला कर स्वतः काढता आला पाहिजे. जितक्या पायऱ्या, तितक्या पळवाटा. आणि त्या पळवाटा सापडतात कुणाला? ज्याला भारी सल्लागार परवडतो त्यालाच!"

टाळ्या! मीसुद्धा वाजले असते. खरंच पटलं मला.

मग जननी. सुरुवातीला अडखळली. "म्हणजे... दर एकच, पण... ते दुखणं एक नसतं." मग तिनं सरळ बरोबर आणलेली तांदळाची पिशवी उघडली. आळाक्कू भरली आणि म्हणाली, "समजा, एखाद्या घरी एवढाच तांदूळ. त्यातला दहावा भाग काढला, तर कुणीतरी अर्धपोटी उठणार. आणि ज्याच्या घरी पोतं आहे, त्याच्या पोत्यातला दहावा भाग काढला, तर पोत्याला कळणारसुद्धा नाही. दर तोच, भूक वेगळी!"

आता टाळ्या तिच्या बाजूला! तेवढ्यात व्यासराजमामा उठले. बँकेतून निवृत्त झालेत, पण आवाज अजून काउंटरवरचाच. "पोरी, पगार थोडा वाढला आणि वरच्या दरात गेलो, तर सगळ्याच पगारावर जास्त कर! त्यापेक्षा बढती न घेतलेली बरी."

"नाही हो मामा! सगळ्यांची हीच चूक होते. बघा." जननीनं आळाक्कू रिकामी केली आणि आम्हा तिघींना ओळीनं मांडलं. "मिळकत म्हणजे हा तांदूळ. आधी आळाक्कू भरायची. हिच्यावर अगदी कमी दर, गरिबालाही तोच, कोट्यधीशालाही तोच. ही भरून जे उरलं, ते मधल्या मापात. त्याला थोडा जास्त दर. ते भरून उरलं, तर पडीत. वरचा दर फक्त पडीत पडलेल्या तांदळाला! आळाक्कूतल्या दाण्यांचा दर वाढत नाही. बढती घ्या मामा, बिनधास्त घ्या!"

"आता कोण देतंय मला!" मामा म्हणाले, आणि हॉल हसून हसून लोटपोट झाला. मित्रांनो, एवढं आयुष्य मापात काढलं, पण आपण तिघी मिळून अख्ख्या देशाचा कर समजावून सांगू शकतो, हे मला ठाऊक नव्हतं! 

सुष्मिता कसली गप्प बसते! "पण कुठलं माप कुठे संपवायचं हे ठरवणार कोण? दर वर्षी कुणीतरी येऊन मापं बदलणार, वर सवलती लावणार, आणि आपण कागद चाळत बसणार!" तेही खरंच होतं. लोक आपापसात भांडायला लागले. कुणी तमिळमध्ये, कुणी मराठीत, कुणी दोन्हीत.

शेवटी गिरिधर उभे राहिले. "पोदुम्, पोदुम्! पुरे आता! सुष्मितानं मुद्दा स्वच्छ मांडला. सगळ्यांनी सारखं द्यायचं. म्हणजे आपली वर्गणी आहे तशीच राहील."

"एक मिनिट काका!" सुष्मिता जागची उठली. "मी दर सारखा म्हणाले, रक्कम सारखी नाही म्हणाले! दहावा भाग म्हणजे तुमचा जास्त होतो आणि ज्याचं कमी त्याचा कमी. तुम्ही तर सगळ्यांकडून एकच आकडा घेता. ते माझ्या बाजूतही बसत नाही आणि जननीच्याही नाही."

 गिरिधर यांनी चष्मा काढला. आणि मी? मी तर टेबलावर गारच पडले! घराघराला एकच माप, हा माझाच तर न्याय होता. आणि इथे दोन्ही बाजू एकमेकींशी भांडता भांडता माझ्याच विरुद्ध एक झाल्या होत्या!

"सरि," गिरिधर हळूच म्हणाले. "मग असं करू. भवानीअक्कांना वर्गणी माफ."

त्यांनी चांगल्या मनानंच म्हटलं हो. पण भवानीअक्का ताडकन उठल्या. चेहरा लाल झाला होता.

"गिरी, मज माफी नको. पंगतीत बसायचं, तर हातानं घालूनच बसेन. नाहीतर घरी बरी आहे."

 अक्का पिशवी उचलून दाराकडे निघाल्यासुद्धा! जननी धावत जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. तिच्या हातात आळाक्कू होती.

"अक्का, थांबा. माफी नाही. प्रत्येक घरानं आधी एक आळाक्कू घालायची. सगळ्यांनी, अप्पांनीही. पुढचं ज्याचं त्यानं आपलं घर बघून मधल्या मापानं, पडीनं घालायचं. पगार कुणी कुणाला विचारायचा नाही. हॉल नको, आचारी नको, गच्चीवर आपणच रांधू."

"पण हा कर नाही झाला!" सुष्मिता म्हणाली. "पगार न विचारता देश चालत नाही."

"देश नाही सुष्मिताअक्का, पंगत चालवायची आहे," जननी म्हणाली.

"आणि तांदूळ कमी पडला तर?" गिरिधर यांनी विचारलं.

उत्तर भवानीअक्कांनी दिलं. "तर सांबार पातळ करू. दारात मी बसते. मापं नीट घासून आणा." आणि त्या परत येऊन पहिल्या रांगेत बसल्या.

समाराधनेच्या दिवशी गच्चीवर नुसती धमाल! सगळ्यात आधी भवानीअक्कांनी आळाक्कू भरली, स्वतःच्या तळहातानं सपाट केली आणि पोत्यात ओतली. मग माझ्याजवळ बसल्या. सुष्मिता आली ती घरून हिशेब करूनच. "माझं मत बदललेलं नाही हं! ही आळाक्कू धरून माझा एकाच दरानं जेवढा होतो तेवढा," म्हणाली आणि मला भरभरून ओतलं. गिरिधर आले. आळाक्कू घातली, मग एक पडी, मग आणखी एक, मग आणखी. शेवटी अक्का ओरडल्या, "पुरे रे गिरी, हात दुखला माझा!" तांदूळ कमी पडला नाही. सांबार घट्ट झालं, फक्कड झालं.

पंगत बसली. केळीची पानं मांडली. गिरिधर भाताचं भांडं घेऊन वाकले. "अक्का, भात वाढू?"

"वाढ," भवानीअक्का म्हणाल्या. "माझाही आहे त्यात."

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कमवाल, कर भराल आणि कुणी किती द्यावं यावर भांडाल. भांडा, चांगलं कडाडून भांडा, मला फार आवडतं ते! फक्त ज्याच्याकडे थोडंच आहे त्याच्या वतीनं परस्पर ठरवून टाकू नका. आधी त्याला विचारा.