नुसतं हो चालत नाय

शुक्रवारी दुपारी मी आमच्या म्हसा गावाच्या वरच्या माळावर गवत कापत होते. शेजारचा हरेशकाका गवताच्या गाठी बांधायच्या मशीनवर होता. मी सवयीनं वर बगितलं. आमच्या डोक्यावरून दिवसभर विमानं जातात, न माझी रेश्माताई त्याच विमानांच्या कंट्रोलमध्ये नोकरीला हाय. मला सगळं पाठ. माळशेजकडून येतं ते उतरणारं, मुंबईकडून निघतं ते चढणारं. रोज एक फोटो काढून ताईला पाठवायची, खाली लिहायची, तुझी म्हैस सुटली बग.

त्या दिवशी दोन विमानं समोरासमोर आली. आधी वाटलं, एक वर हाय, एक खाली, नेहमीसारखं. मंग दोघांची साइज सारखीच दिसाय लागली. चढणारं थांबेना. मी विळा टाकला. एकदम चढणाऱ्यानं नाक खाली घातलं, उतरणारं वर उचललं गेलं, न एकाच्या डोक्यावरून दुसरं गेलं. आवाज मागनं आला, दोघांचा एकत्र.

हरेशकाका म्हणाला, खालून तसं दिसतं गो, लांब असतील. मी म्हंटलं, तुझे डोळे गेलेत. पन मी तिथंच गवतात बसले. ताईला फोन लावला. बंद. शनिवारी पन बंद.

रविवारी सकाळी ताई घरी आली. बॅग ओट्यावर ठेवली न बॅगेवरच बसली. तिला ड्युटीवरून उतरवलं होतं. तवर मला वाटत होतं, कोनाची तरी चूक असेल न ताई मला ती गोष्ट रंगवून सांगेल. तर त्यातलं उतरणारं विमान ताईच्याच टेबलावरचं होतं. मधे हजार फूट पाहिजे, राहिलं होतं तीनशे. आमच्या घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत. विमानातल्या मशीननंच दोन्ही पायलटांना ओरडून सांगितलं, तू खाली, तू वर, म्हणून वाचली. दोन्ही मिळून तीनशे चाळीस माणसं.

मी तिला पाणी पन देऊ शकले नाय. नुसती बगत होते.

ताईकडं उतरणारी विमानं असतात, शेजारच्या टेबलावर सुयोगकडं चढणारी. सुयोग इकडचाच, सापगावचा, ताईपेक्षा सात वर्षांनी मोठा. त्यानंच तिला काम शिकवलं. चढणाऱ्याला खाली थांबव, माझं उतरतंय, असं ताईनं त्याला सांगायचं असतं, न ते टेबलावरच्या फोनवर, कारण फोनवर टेप होतं. समोरच्यानं ते शब्द परत बोलायचे. पन दोघं गाववाले. मान वळवून आपल्या भाषेत सांगायचे. तो म्हणायचा, हो गो. झालं काम.

हे ऐकून बाबा उठून उभे राहिले. बाबा सव्वीस वर्षं कसाऱ्याकडं रेल्वे फाटकावर होते. गाडी सोडायच्या आधी स्टेशन मास्तर फोनवर एक नंबर द्यायचा, बाबांनी तो परत बोलायचा न वहीत लिहायचा. मंगच खरं. आमच्या घरी पन तेच. नुसतं हो चालत नाय. दळण आण म्हंटलं तर दळण आणते म्हणायचं. नववीत मी सरांचं बोलणं असंच परत बोलले, त्यांना वाटलं चिडवते. त्यांनी थोबाडीत दिली, मी डस्टर फेकून मारला, शाळा तिथंच सुटली. मी शाळेत पन परत बोलणं सोडलं नाय, न ताईनं तिथं सोडलं.

"त्याला परत बोलायला नाय लावलंस?" बाबांनी विचारलं.

ताई म्हणाली, "दादा हाय तो. त्याला कसं सांगू परत बोल म्हणून?"

दुपारी सुयोग गाडीवरून आला. दाढी वाढलेली. आईनं दिलेला चहा त्यानं घेतला नाय. म्हणाला, उद्या चौकशी हाय, आपन दोघं एकच सांगू, टेबलावरचा फोन खराब होता म्हणून तोंडी बोललो. नायतर दोघांची नोकरी जाईल. मला ते पटलं पन. ताईची नोकरी गेली तर घरात राहिलं काय? मंग तो हळूच म्हणाला, "खरं सांगू रेश्मा, तू मला काय बोललीच नायस."

माझ्या डोक्यात सणक गेली. विळा कुडाला खोचलेला होता, कधी हातात आला मला कळलं नाय.

"प्रियांका, खाली ठेव," बाबा म्हणाले.

मी तशीच उभी.

"खाली ठेव."

"खाली ठेवते," मी म्हंटलं, न ठेवला. ताईला म्हंटलं, सांग ना याला, तू सांगितलं होतंस म्हणून.

ताई सुयोगकडं बगत होती. रागानं नाय. "मला पन आठवत नाय," ती म्हणाली. "सांगायचं मनात होतं. तोंडातनं निघालं का, ते कळत नाय. दोन दिस तेच आठवते हाय."

मला सुयोगला मारायचं होतं, पन आता कोनाला मारू? तीनशे चाळीस माणसं, न ती कशावर होती, तर कोनालाच न आठवणाऱ्या एका वाक्यावर.

सुयोग गाडीला किक मारून गेला. जाताना म्हणाला, फोनचं बग, मी तेच सांगणार.

ताईनं जबाब लिहायला घेतला, दोनदा लिहून खोडलं. बाबांनी वही माझ्याकडं सरकवली. ती सांगेल ते लिही, म्हणाले, न आधी परत बोल. मी लिहीत गेले. फोन चालू होता. फोन चालू होता. मी तो उचलला नाय. मी तो उचलला नाय. प्रत्येक वाक्याला तिची नोकरी माझ्याच तोंडातनं जात होती.

मंग ताई म्हणाली, "मी सुयोगला तोंडानं सांगितलं का नुसतं मनात आणलं, ते मला आठवत नाय."

मी पेन ठेवला. म्हंटलं, हे लिहायला नको लावू ताई, सांगितलं म्हण, टेप कुठं हाय. ती नुसती माझ्या तोंडाकडं बगत राहिली. बाबा पन. बगता बगता कळलं, मी परत बोलल्याशिवाय ती पुढं जाणार नाय.

"मला आठवत नाय," मी म्हंटलं, न लिहिलं.