मोठीचा चेहरा

हरमाटन सुरू झाला की इबादान शहर कुणीतरी जुन्या मलमलीत गुंडाळून ठेवल्यासारखं दिसतं. वाळवंटाकडून येणारा तो कोरडा वारा पत्र्यांवर, केळीच्या पानांवर, दोरीवरच्या दुपट्यांवर पिठासारखी धूळ पसरत जातो. समोरची टेकडी खरंच दिसतेय की नुसती आठवतेय, तेही मग सांगता येत नाही. अशाच एका दुपारी आदुन्नी खिडक्या लावून, फटींत ओली फडकी कोंबून लॅपटॉपसमोर बसली होती. पायाशी चटईवर तिची लेक इरेती झोपली होती. पोरीची छाती वरखाली होतेय ना, हे आदुन्नी मधूनमधून वाकून बघून घेई आणि मगच पुन्हा पडद्याकडे वळे.

पडद्यावर दोन लहान मुली स्टुलांवर शेजारी शेजारी बसल्या होत्या. सारखे पट्ट्यापट्ट्यांचे झगे, सारख्या वेण्या. डावीकडची आदुन्नीची आई, ताइवो. उजवीकडची तिची जुळी बहीण, लहानपणीच गोवरानं गेलेली केहिंदे. आधी जन्मली ती ताइवो, तरी तिथल्या समजुतीप्रमाणे मोठी केहिंदेच. जग कसं आहे ते बघून ये म्हणून धाकटीला पुढं धाडणारी. आई तिला अजून ‘मोठी’च म्हणायची. घरात चवळी शिजली की पहिला घास या फोटोपुढं ठेवायची.

शनिवारी आईची साठी होती. मांडवात मोठ्या पडद्यावर दाखवायची फिल्म आदुन्नी घरीच करत होती, आणि आईनं तिच्याकडं एकच मागणं मागितलं होतं. “बाकी काय लावायचं ते लाव. मोठीचा चेहरा तेवढा स्वच्छ दिसू दे. माझ्या डोळ्यांत आता धूर शिरलाय बाई. भिंतीवरच्या फोटोत मला नुसते झगे दिसतात.”

आदुन्नीचा भाऊ लेके लागोसला असतो. मागं कधीतरी त्यानं मोबाइलवर काढलेला त्या फोटोचा फोटो पाठवला होता. फिल्ममध्ये घालून पडदाभर केला, तर दोघींचे चेहरे भिजलेल्या साबणासारखे विरघळले. आदुन्नीनं त्याला फोन लावला.

“अरे, तू पाठवलास तो पोस्टाच्या तिकिटाएवढा आहे. फोनवरून येता येता आटतात फोटो. त्याची आता चादर करायला ताणला तर फाटणारच ना?”

“मग राहू दे की धूसर. जुन्या फोटोला शोभतं ते. तू म्हणजे ना, पोरीचं दूधसुद्धा थर्मामीटर लावून पाजशील.”

“लावते म्हणूनच ती धड आहे.”

“ती धड आहे गं, तुझंच काही खरं नाही,” लेके म्हणाला आणि त्यानं हसत फोन ठेवला.

मग तिनं भिंतीवरची चौकट उतरवली, काचेआडून फोटो अलगद सोडवला आणि ती काम करते त्या कॉलेजच्या ग्रंथालयात नेऊन स्कॅनरवर जेवढा मोठा घेता येईल तेवढा मोठा घेतला. फोनवरून न पाठवता पेन ड्राइव्हवर घालून घरी आणला. फोटोत जेवढं आहे तेवढंच त्याच्याकडून मिळतं, हे तिला आता उमगलं होतं. फोटो पडद्याहून कितीतरी मोठा असेल तरच हळूहळू जवळ जाता येतं, आणि तेही त्यातले बारकावे संपेपर्यंतच. त्यापुढं कॉम्प्युटर आपल्या मनचं रंगवायला लागतो. फिल्ममध्ये चित्र सरकताना झग्यांवरचे पट्टे लुकलुकत होते, म्हणून तिनं चाल आणखी संथ केली. फिल्मही लहान आकारात निघत होती, तो आकार वाढवला.

आणि मुली धुळीतून चालत आल्यासारख्या वर आल्या. आधी वेण्यांचे पेड, मग पापण्या, मग स्टुलाच्या लाकडाच्या रेषा.

मग गुडघा. डावीकडच्या मुलीच्या गुडघ्यावर खपली होती, होडीच्या आकाराची. आदुन्नी हसली. चित्र संथपणे उजवीकडं सरकलं. तिथंही तोच गुडघा, तीच होडी. दोघींच्या मधून एक केसाएवढी रेघ खाली गेलेली, आणि तिच्यापाशी फोटोवाल्याच्या मागच्या पडद्यावरची फुलं एकमेकांना जुळत नव्हती.

एकच मुलगी दोनदा बसली होती, आणि दोन फोटो मधोमध जोडले होते. फोटो निघाला तेव्हा मोठी नव्हतीच.

आईला हे ठाऊक नसेल तर? एवढ्या लहानपणचं काय आठवत असणार? जन्मभर ती आपल्याच चेहऱ्यापुढं घास ठेवत आली, आणि हे तिला सगळ्या गल्लीदेखत, भिंतीएवढ्या पडद्यावर कळणार? आदुन्नीनं चित्र धूसर करायची पट्टी ओढली. मुली पुन्हा धुळीत शिरल्या. धूसर केलं की दोघी, स्वच्छ केलं की एकटी. ती पट्टी पुढंमागं ओढत कितीतरी वेळ बसून राहिली.

दार वाजलं. शिंप्याकडून साठीचे शिवलेले कपडे घेऊन आई आत आली.

“खिडक्या लावून पोरीला उकडायला ठेवलंयस का?”

“धूळ येते गं. खोकते ती.”

“तूही धुळीतच वाढलीस. झाली का माझी फिल्म?”

“अजून थोडं राहिलंय.”

“खोटं बोलताना तुझा आवाज बारीक होतो, आदुन्नी. दाखव.” आईनं वेताची खुर्ची ओढली आणि हात मांडीवर ठेवून बसली.

आदुन्नीचा हात पट्टीवर होता. पुसट चित्र दाखवलं तर आई काही बोलणार नाही, डोळ्यांना दोष देईल आणि उठून जाईल. हेच तिला सोसवेना. तिनं पट्टी मागं नेली आणि फिल्म सुरू केली.

वेण्या, पापण्या, गुडघा. दुसरा गुडघा. आदुन्नी पडद्याकडं न बघता आईकडं बघत होती.

“थांबव,” आई म्हणाली. “ही खपली पेरूच्या झाडावरून पडले तेव्हाची. किती रडले होते मी.”

“आई, दोन्ही गुडघ्यांवर...”

“माझेच आहेत ना दोन्ही.” आई शांतपणे म्हणाली. “तुला काय वाटलं, मला माहीत नाही? माझ्या वयाच्या जुळ्यांच्या कितीतरी घरांत असे फोटो आहेत. मोठी गेली तोवर तिचा फोटो काढायचा राहूनच गेला होता. फोटोवाल्यानं आधी मला ताइवो म्हणून बसवलं. मग माझी आई म्हणाली, आता त्या स्टुलावर बस, आता तू केहिंदे. ती बसायची तशी बस.”

“आणि?”

“कुणी टक लावून बघितलं की ती खालचा ओठ आत दाबायची. मी दाबला होता. दाबला होता असं मला वाटत आलंय. पण काचेआडून कधी दिसलंच नाही गं ते. पुढं मलाच शंका यायला लागली, की केलं होतं का मी तसं. तो एक ओठ सोडला तर तिचं माझ्यापाशी काहीच नाही. जरा जवळ घे बघू.”

आदुन्नीनं चित्र पुढं नेलं. गुडघे मागं पडले, झगा मागं पडला, उजवीकडचा चेहरा पडदाभर झाला. डोळे आईचे, कपाळ आईचं. पण खालचा ओठ आत ओढलेला, कुणाच्या तरी नजरेला लाजून, दातांखाली घट्ट धरलेला.

बाहेर वारा पत्र्यावरून धूळ सरकवत होता.

“आणखी जवळ,” आई म्हणाली.

“यापुढं चित्र फुटेल गं. यात एवढंच आहे.”

“बरं. मग राहू दे तिला तिथंच.” आईनं खुर्ची उचलून पुढं ठेवली, आणि पुन्हा बसली.