पोर्टनाकील गोल्फ मंडळाचं गाढव

मी एक जुनं गाढव आहे. माझं नाव बार्टली. निम्मे दात पडले आहेत, एका कानाने कमी ऐकू येतं आणि थंडीत गुडघे धरतात. पण मित्रांनो, माझी अक्कल अजून शाबूत आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण माणसांना एकमेकांची अक्कल काढायची झाली की ती आमच्या जातीचं नाव घेतात. पोर्टनाकीलचं गोल्फ मंडळ मी त्याच्या जन्मापासून पाहत आलो आहे. तेव्हा गाढव कोण, हे ठरवायचा थोडाफार अधिकार मलाही आहे.

मी नोरा गिल्डीचा. नोरा एकटी राहायची. समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर गावातल्या काही घरांचा सामाईक चराईचा हक्क होता आणि त्यात तिचा एक वाटा होता. मी तिच्यासाठी दलदलीत खणून वाळवलेल्या मातीचं जळण वाहून आणत असे. तेव्हा गावात गोल्फ कुणाला ठाऊक नव्हता. शाळेतल्या डेव्हनी मास्तरांचा भाऊ दर वर्षी स्कॉटलंडला बटाटे खणायला जायचा. तो एकदा परत येताना जुन्या काठ्यांची एक पिशवी घेऊन आला आणि तिथून हे खूळ सुरू झालं.

आरंभी सगळी मिळून मूठभर माणसं होती. रविवारची प्रार्थना आटोपली की सगळे टेकड्यांवर यायचे. फादर मलहर्न तर खेळायला मिळावं म्हणून प्रवचन आखडतं घ्यायचे, आणि त्यामुळे गावाची भक्ती वाढली असं लोक म्हणत. मुरंब्याचे रिकामे डबे जमिनीत पुरले की झाले खड्डे. पिठाच्या पोत्याचे तुकडे झाडूच्या दांड्यांना बांधले की झाले झेंडे. गवत मेंढ्या खायच्या, पण मेंढ्याच त्या. एका जागी टक्कल पाडतील आणि दुसरीकडे जंगल ठेवतील. शेवटी नोराने कुठूनतरी गवत कापायचं जुनं यंत्र मिळवलं आणि मला त्याला जुंपलं. माझ्या खुरांनी हिरवळीवर खळगे पडू नयेत म्हणून चांभाराने माझ्या चारही पायांना चामड्याचे बूट शिवले. ते पाहून गाव पोट धरून हसलं. ज्यांच्या स्वतःच्या बुटांतून अंगठे बाहेर डोकावत होते, तेच सगळ्यात जास्त हसले.

नोरा माझ्यामागून चालत गवत कापायची आणि मग काठी घेऊन सगळ्यांबरोबर खेळायची. ती बरी खेळायची. चेंडू चुकला की त्याला अशा शिव्या घालायची की फादर मुद्दाम समुद्राकडे बघत उभे राहायचे. बाई कशी खेळते असं तेव्हा कुणी विचारलं नाही. विचारणार कोण? गवत तिचं, गाढव तिचं, आणि टेकडीतला वाटासुद्धा तिचा.

याच काळात फादरनी माझ्यासाठी एक नियम केला. मी जिथे चरत असेन तिथे मला चरू द्यायचं. चेंडू माझ्या पायाशी येऊन पडला तर मला हलवायचं नाही आणि चेंडूलाही हात लावायचा नाही. आहे तिथून मारायचा, नाहीतर एका फटक्याचा दंड घेऊन तो बाजूला ठेवायचा. या खेळात पंच नसतो. ज्याची चूक त्यानेच ती बोलून दाखवायची. या गोष्टीचा या लोकांना एवढा गर्व आहे की विचारू नका.

मग मंडळ वाढलं. रस्ता चांगला झाला, उन्हाळ्यात पाहुणे येऊ लागले. सुरुवातीला कोंबड्यांचं एक जुनं खुराडं साफ करून त्यात चहा व्हायचा. पुढे तिथे पक्की खोली झाली, मग बार आला, मग गाड्या लावायला जागा झाली. बस करून दुसऱ्या गावांना खेळायला जाणं सुरू झालं. तिथून हरून यायचं आणि वाऱ्याला दोष द्यायचा. जणू आमच्याकडे वारा नसतोच. सगळ्यांनी हिरवे कोट शिवले आणि खिशावर सिंहाचं चित्र लावलं. पोर्टनाकीलमध्ये सिंह कुणी पाहिला होता? पाहिलं होतं ते गाढव, पण गाढव खिशावर कोण लावतो? खेळ होता तेवढाच राहिला. वाढली ती पोटं आणि भाषणं. पुढे गवत कापायला ट्रॅक्टर आला आणि माझं काम सुटलं. माझे बूट मात्र त्यांनी काचेच्या कपाटात मांडून ठेवले. पाहुणे ते पाहून कौतुक करायचे आणि बाहेर मी उभा दिसलो की हाकलायचे.

याच सुमाराला फिंटन हार्किन कॅप्टन झाला. तो शहरातून आलेला माणूस, लिलावाने जमिनी विकायचा. बोलणं लोण्यासारखं, आणि नजर सतत दुसऱ्याच्या कुंपणावर. त्याला दोन गोष्टी खुपत होत्या, मी आणि नोरा. माझं तो काही करू शकत नव्हता, कारण चराईचा हक्क नोराचा होता. नोराचं करता येण्यासारखं होतं. मंडळ आता मोठं झालं आहे, तेव्हा बायकांना पूर्ण सभासद ठेवू नये, असा ठराव त्याने आणायचं ठरवलं. बायकांनी मंगळवारी सकाळी खेळावं, रविवारी येऊ नये आणि मत देऊ नये. मंडळात पूर्ण सभासद असलेली बाई एकच होती, त्यामुळे ठराव कुणासाठी आहे हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

नोराला रविवार म्हणजे काय होता, ते मला माहीत आहे. बाकीचे सगळे दिवस ती फक्त माझ्याशी बोलायची, आणि मी काही उत्तर देत नसे. रविवारी तिला माणसं मिळायची. कुणी तिची थट्टा करायचं, ती त्याची दुप्पट करायची, आणि घरी येताना ती गुणगुणत यायची. मंगळवारी सकाळी त्या टेकडीवर वारा आणि बगळे सोडून कोण असतं?

डेव्हनी मास्तर तिचे सगळ्यात जुने सोबती. पण त्याच वर्षी मंडळाने त्यांना तहहयात अध्यक्ष केलं होतं आणि कोटाच्या बाहीवर सोनेरी पट्टी दिली होती. नोराने त्यांना दगडी बांधापाशी गाठलं. मी शेजारीच होतो.

"मास्तर, सभेत माझ्या बाजूनं बोलाल ना?"

"अगं, हे काय विचारणं झालं? पहिला मीच उठतो की नाही बघ."

"उठाल हो. बसताना काय म्हणाल ते सांगा."

मास्तर हसले. नोरा हसली नाही.

सभा ठेवली होती ती उन्हाळी करंडकाच्या संध्याकाळी. त्या दिवशी शेवटच्या जोडीत हार्किन आणि मास्तर होते. करंडक जवळजवळ हार्किनच्या हातात आला होता, पण शेवटच्या खड्ड्यापाशी त्याचा चेंडू वाऱ्याने भरकटला आणि घरंगळत नेमका माझ्या पुढच्या दोन पायांमध्ये येऊन थांबला. एक फटका दंड घेतला असता तर करंडक गावातल्या औषधवाल्याकडे गेला असता.

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, ते मी त्या दिवशी अनुभवलं. हार्किनने आधी मला चुचकारलं. मग खिशातून पेपरमिंट काढून पुढे केलं. मी ते खाल्लं आणि तिथेच उभा राहिलो. बाकीची मंडळी टेकडीच्या पलीकडे वाट बघत होती. त्याने इकडेतिकडे पाहिलं, काठीने माझा गुडघा मागे रेटला आणि बुटाच्या टोकाने चेंडू हळूच चांगल्या गवतावर सरकवला. मग अगदी शांतपणे फटका मारला. पलीकडून टाळ्या ऐकू आल्या.

बांधाआड नोरा माझ्यासाठी पाण्याची बादली घेऊन उभी होती. तिने सगळं पाहिलं. आणि मास्तर? हार्किनने वळून पाहिलं तेव्हा ते पाइपमध्ये तंबाखू भरत होते. त्याच्या आधी त्यांची नजर कुठे होती, ते मी पाहिलं होतं.

संध्याकाळी नोराने मला मंडळाच्या खोलीच्या खिडकीपाशी बांधलं. आधी करंडक द्यायचा आणि मग सभा, असा बेत होता. हार्किनने करंडक छातीशी धरून भाषण ठोकलं. या खेळात पंच नसतो, पंच आपल्या काळजात असतो, असं तो म्हणाला. काहींचे डोळेसुद्धा पाणावले. मग नोरा उठली.

"फिंटन, चेंडू तू बुटानं सरकवलास. मी बघितलं."

हार्किन गोड हसला.

"नोराबाई, आज तुमचा खेळ जमला नाही, मनाला लागणारच. पण माझ्यासोबत मास्तर होते ना. मास्तर, तुम्ही पाहिलंत काही?"

मी खिडकीतून डोकं आत घातलं. कुणी मला हाकललं नाही, कारण सगळे मास्तरांकडे पाहत होते. मास्तरांनी फक्त हो म्हटलं असतं तर हार्किनची कप्तानी तिथेच संपली असती आणि त्याचा ठराव कुणी हातात घेतला नसता. मास्तरांनी नोराकडे पाहिलं, मग आपल्या कोटाच्या बाहीकडे.

"मी पाइप भरत होतो," ते म्हणाले.

हे खोटं नव्हतं, आणि म्हणूनच मला त्याची जास्त किळस आली. उघड खोटं बोलणाऱ्याला निदान पकडले जाण्याची भीती तरी असते.

"भरा हो मास्तर, भरा," नोरा म्हणाली. बाहेर येऊन तिने माझी दोरी सोडली. आम्ही घरी पोहोचायच्या आत ठराव मंजूर झाला. मास्तर आधी उठले नाहीत आणि नंतरही नाहीत.

नोरा कधीच मंगळवारी गेली नाही. मला त्या टेकडीवरून हलवावं म्हणून मंडळाने दोनदा निरोप पाठवला, पण तिने दाद दिली नाही. रविवारी ती बांधाशी यायची, खेळाकडे पाठ करून माझ्या कानामागे खाजवत राहायची. मास्तर लांबून टोपी उचलायचे. ती माझा दुसरा कान खाजवायला घ्यायची. ती कमी बोलू लागली. मग माझ्याशीही बोलेनाशी झाली. एका हिवाळ्यात ती गेली आणि शेजाऱ्यांनी मला सांभाळलं. मला तिची अजून फार आठवण येते.

ती गेल्यावर मंडळाचं तिच्यावरचं प्रेम एकदम उतू जाऊ लागलं. तिचा मोठा फोटो चौकटीत घालून बारच्या वर लावला, जिथे तिला रविवारी बसायची मनाई होती त्याच खोलीत. नोरा गिल्डी या मंडळाचा आत्मा होत्या, असं नव्या कॅप्टनने भाषणात सांगितलं. बरोबरच आहे. आत्म्याला मत द्यावं लागत नाही.

त्याच दुपारी डेव्हनी मास्तर काठी टेकत माझ्या कुरणात आले. फार म्हातारे झाले होते. त्यांनी माझ्या मानेवर हात ठेवला आणि लहान मुलासारखे रडू लागले.

"बार्टली, मी पाहिलं होतं रे. सगळं पाहिलं होतं मी."

मी पाठ फिरवली. लाथ मारली नाही. माणूस म्हातारा होता, आणि माझे गुडघेही आता तेवढे उठत नाहीत.

मित्रांनो, तुम्ही माझी निगा राखा असं मी सांगणार नाही. गवत आहे, पाणी आहे, माझं चाललं आहे. एवढंच सांगतो, की तुमच्या डोळ्यांदेखत कुणावर अन्याय झाला तर तो माणूस खोलीत असताना उठा आणि बोला. नंतर गाढवापाशी येऊन रडू नका. गाढवाला ते ठाऊक असतं. ते तिथेच उभं होतं.